आडव्या भेगा

रबरताईंनी दार वाजवलं नाही, दाराला लाथ मारली. दार नुसतं लोटलेलं होतं. ते धाडकन उघडलं आणि दारामागे वाकून बूट शोधणाऱ्या भाच्याच्या कमरेत बसलं.

"ही लाथ मी डॉक्टरसाठी राखून ठेवली होती," ताई म्हणाल्या. "तुम्ही कशाला मध्ये आलात?"

"मी इथं राहतो," भाचा जमिनीवरूनच म्हणाला.

टेबलाशी चहा पीत बसलेल्या आत्यांनी मानसुद्धा वळवली नाही. "कमरेतच लागलं ना रे? मग नवीन काही नाही. बसा ताई."

आत्या खासगी तपासनीस होत्या. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी विमा कंपनीत जळक्या गाड्या तपासल्या होत्या आणि प्रत्येक गाडीखाली 'जळली' किंवा 'जाळली' यांपैकी एक शब्द लिहिला होता. त्या नोकरीतून त्यांच्यापाशी शब्द कमी आणि राग जास्त शिल्लक राहिला होता. भाचा एक्केचाळीस वर्षांचा, त्यांचा मदतनीस. मदत नेमकी कोणती, ते अजून ठरायचं होतं. त्याची पाठ कायम धरलेली असे आणि पाठीवर चोळलेल्या मलमाचा वास त्याच्याआधी खोलीत शिरत असे.

ताईंनी पिशवीतून रबराची एक काळी पट्टी काढून टेबलावर आपटली. बशी उडाली.

"ही डॉक्टरच्या गाडीच्या दाराची पट्टी. साठ वर्षांची गाडी, साठ वर्षांचं रबर. माझ्याकडे आली तेव्हा दगड झाली होती. दोन महिने खपले मी तिच्यावर. शनिवारी गाडी दिली तेव्हा गालासारखी मऊ होती. आणि बुधवारी दुपारी त्यानं अकरा जणांना फोन केले, की रबरताईंनी सडक्या रबराला काळं फासून मला फसवलं. मी जाब विचारायला गेले तर ही उपटून माझ्या अंगावर फेकली."

"बुधवारी. आज शुक्रवार आहे."

"काल दिवसभर ओरडत होते."

"कुणावर?"

"कुणी भेटेना. शेडमध्ये एकटीच."

आत्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

"आज पाच वाजता जुन्या गाड्यांच्या मंडळाची बैठक आहे," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता आणि त्यामुळे जास्त भीती वाटत होती. "मंडळाच्या भिंतीवर फळा आहे, 'भरवशाचे कारागीर' म्हणून. त्यावरून माझं नाव पुसायचा ठराव आहे. नाव गेलं की मी संपले. जुनं रबर जिवंत करायचं काम या गाडीवाल्यांशिवाय कुणाला लागतं? माझ्याकडे तीन गाड्या होत्या. दोन ओढून नेल्या. एकाला एवढी घाई झाली, की दारं माझ्याकडेच विसरून नुसती गाडी घेऊन गेला."

आत्या पट्टी हातात घेऊन खिडकीशी गेल्या. भेगा होत्या, पण सगळीकडे नव्हत्या. पट्टी जिथं दाराच्या कोपऱ्यावरून वळत असणार तेवढ्याच भागात, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, एकीमागे एक. सुरीने चिरा द्याव्यात तशा आडव्या. सरळ भाग गुळगुळीत होता.

"आडव्या," आत्या म्हणाल्या.

"आडव्या काय अन् उभ्या काय," भाचा म्हणाला. "भेग ती भेग."

"ठोंब्या, बूट घाल."

ताईंच्या शेडमध्ये पाऊल टाकताच भाच्याचा चेहरा उजळला. सबंध शेडला त्याच्या पाठीचा वास येत होता.

"तुमच्या मलमात आहे तेच तेल," ताई म्हणाल्या. "विंटरग्रीनचं. ते पातळ करायचं, त्यात रबर बुडवायचं. रबर तेल पितं, फुगतं, मऊ पडतं. मग सावलीत सरळ पसरून सुकवते. वरून ग्लिसरीनचा हात. वास मात्र तीन आठवडे हलत नाही. डॉक्टरला बजावलं होतं मी, नाक धरा, आपोआप जाईल."

शेड झाडलेली, लोटलेली होती. खिडक्यांना जाड पडदे होते, कारण रबराला ऊन चालत नाही. घासायचं विजेचं मशीन मात्र अंगणाच्या पार टोकाला, वेगळ्या छपराखाली होतं.

"ते तिकडे का?" आत्यांनी विचारलं.

"वडिलांचा नियम. चालत्या मोटरीजवळ रबर ठेवायचं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारायची सोय असलेले वडील नव्हते ते."

मग ताईंनी पत्र्याचा डबा उघडला. आत वीतभर लांबीचे रबराचे तुकडे होते, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. प्रत्येक घाण्यातला एक तुकडा त्या असा कापून ठेवत. याला त्या साक्षीतुकडा म्हणत. डॉक्टरांच्या गाडीचा साक्षीतुकडा आत्यांनी दुमडला, पिळला, ताणला. त्याच्यावर ओरखडासुद्धा उठला नाही.

"हा कुणाला दाखवलात?"

"मंडळाच्या सचिवाला. तो म्हणतो, चांगलं तेवढं तुम्ही स्वतःपाशी ठेवलंत."

"हा मी नेते," आत्या म्हणाल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. तशी आठी पूर्वी 'जाळली' लिहिण्याआधी पडत असे.

डॉक्टर दातांचे होते. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला, पण तोंडात बघायची सवय सुटली नव्हती. आत्या आणि भाचा पोचले तेव्हा ते गॅरेजमध्ये लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन गाडीच्या दाराच्या खाचेत बघत होते.

"ही बघा चीर! ही दुसरी! या कोपऱ्यात तर पाच! कारागीर नाही, दरोडेखोर आहे ती बाई! आणि तिनं तुम्हाला पाठवलं? माझ्या गॅरेजात?"

"मोठं करा," आत्या म्हणाल्या.

"काय?"

"दार. आणखी मोठं उघडा. मला आत बसायचंय."

गाडी बाटलीसारखी हिरवी होती. आतली आसनं कातड्याची, स्टिअरिंग काळं, घट्ट आणि गार, समोरचा सगळा भाग पत्र्याचा. आत्यांनी दार लावून घेतलं, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. मग काच खाली केली.

"ठोंब्या, दहा पावलं मागे जा."

तो गेला.

"आणखी. फाटकापर्यंत."

तो फाटकापाशी गेला. आत्यांनी काच वर करून परत श्वास घेतला.

"कसला वास येतोय?" डॉक्टरांनी खेकसून विचारलं.

"कसलाच नाही."

समोरच्या कप्प्यात गाडीचे कागद होते. वरचा विम्याचा कागद गेल्याच महिन्यातला. चळतीला लावलेलं नवंकोरं लाल रबरबँड तुटून दोन तुकडे होऊन पडलं होतं. मागच्या आसनावर वीतभर काळी पट्टी सरळ पडली होती. आत्यांनी उचलून पाहिली. तिच्यावर एकही भेग नव्हती.

"ही?"

"उरली म्हणून दिली तिनं. शनिवारपासून तिथंच आहे. वीतभर रबर देऊन माझं तोंड बंद करणार होती!"

आत्या उतरल्या. भिंतीजवळ फरशीवर धूळ होती, पण धुळीत मधोमध एक स्वच्छ चौकोन होता आणि त्याच्या कोपऱ्यांत चार गोल ठसे.

"शनिवारपासून गाडीला कोणी हात लावला?"

"मी आणि ड्रायव्हर. गॅरेजची किल्ली स्वयंपाकघरात टांगलेली असते, कोणीही घेतं. पण किल्लीचा काय संबंध? रबर सडकं होतं! पाच वाजता बैठकीत या, सगळ्यांसमोर सांगतो!" आणि डॉक्टर आरसा नाचवत घरात निघून गेले.

ड्रायव्हर अंगणात पाठ भिंतीला टेकवून बसला होता. "घ्या संशय," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं सगळे घेतात. तुम्ही कशाला मागे राहता?"

"काका, डिझेलनं काय काय पुसलंत?"

ड्रायव्हरची हनुवटी खाली आली. "कुणी सांगितलं?"

"ब्रेकवरचं पायाखालचं रबर पावासारखं फुगलंय. बोट लावलं तर बोटाला येतं."

"चकाकी येते हो त्यानं! त्या बाईनं तंबी दिली होती, रबराला डिझेल दाखवायचं नाही. पण मी फक्त पायाखालचं पुसलं, रविवारी. दारांना हात लावला असेल तर हात झडतील माझे."

"मंगळवारी कुठं होतात?"

"सुट्टीवर. न मागता दिली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, नोकरी गेली. ती रडली, सासरे धीर द्यायला आले. बुधवारी येऊन बघतो तर नोकरी होती, वर एक काम होतं. दहाच्या ठोक्याला गॅरेजातली लोखंडी पेटी उचलून धर्मार्थ दवाखान्यात पोचवायची. आत्ताच्या आत्ता म्हणाले. साहेबांच्या दवाखान्यातलं जुनं सामान, दान दिलं. तेव्हापासून ही पाठ."

भाच्याने खिशातून मलमाची बाटली काढून त्याच्या हातावर ठेवली. एवढ्या आपुलकीने त्याने आत्यांना कधी चहासुद्धा दिला नव्हता.

डॉक्टरीणबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. "या म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "माझं डोकं इतकं तापलंय, की हातून कप फुटतील. तीन दिवस घरात नुसता आरडाओरडा चालू आहे."

"आधी ओरडत नसत?"

"ओरडत नसत? दवाखाना होता तेव्हा रोज संध्याकाळी कंपाउंडरवर ओरडायचे. रबरी हातमोज्यांची खोकी बाहेर काढायला विसरलास, आता सगळे फुकट जाणार, म्हणून. वरच्या मजल्यावर ऐकू यायचं. आता कंपाउंडर नाही, तर आम्ही आहोत."

"सोमवारी घरी कोणी आलं होतं का?"

"मंडळाची आठ माणसं. गाडी बघायला. आत बसले आणि हसायला लागले. एक म्हणाला, ही गाडी आहे की गुडघा? मलमाचा वास हो. जेवणभर तेच. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, तिथं गुडघा म्हणूनच नाव लावा म्हणाले. हे जेवले नाहीत."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी दिवसभर गॅरेज बंद. आतल्या लाकडाला पॉलिश केलंय, दार उघडू नका, धूळ बसेल म्हणाले. मला शिडी हवी होती. दारापाशी गेले तर फटीशीच घसा खवखवला, डोळ्यांत पाणी आलं."

"पॉलिशचा वास?"

बाईंनी विचार केला. "तसा नाही. झेरॉक्सच्या दुकानात पन्नास पानं निघेपर्यंत थांबलं की येतो ना, तसा."

मंडळाच्या सचिवांचं दुकान नव्या रबराचं होतं. गुंडाळ्याच गुंडाळ्या. रस्त्याकडच्या काचेत ठेवलेला माल उन्हाने पांढरट झाला होता आणि त्याच्यावर सगळीकडून बारीक जाळी पडली होती, वाळलेल्या चिखलासारखी.

"मला माहीत होतं तुम्ही येणार," सचिव म्हणाले. "ती बाई गेली की धंदा माझा, म्हणून मीच केलं. हेच ना? लिहा!"

"केलंत का?"

"शनिवारी सकाळी मी परगावी गेलो, मुलीकडे. बुधवारी बाराला बसमधून उतरलो, कुलूप काढलं आणि फोन वाजला. डॉक्टर. सगळ्यांत पहिला फोन मलाच, हातात अजून पिशवी होती माझ्या! पण खरं सांगू? मला आनंद झाला. जुनं रबर तेल पाजून जगवायचं म्हणजे काय? फेका आणि नवं घाला! चार दिवसांत फुटतं ते सडकंच असतं."

"तुमचं काचेतलं किती दिवसांत फुटलं?"

सचिवांनी काचेकडे पाहिलं आणि पडदा ओढला.

बाहेर येऊन आत्यांनी घड्याळ बघितलं. साडेबारा. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"सचिवच," भाचा म्हणाला. "परगावी गेलो ही थाप. रात्रीच्या रात्री येऊन सुरीने चिरा दिल्या."

"वळणावरच, आणि तेही बाहेरच्या अंगाला? आणि जाता जाता कागदांचं रबरबँड तोडलं?"

"रागीट माणूस आहे तो."

"धर्मार्थ दवाखान्यात जा. बुधवारी आलेली लोखंडी पेटी उसनी घेऊन मंडळाच्या कार्यालयात ये. दीडच्या आत."

"दान आलेली वस्तू उसनी कशी मागायची?"

"रागानं माग. आज सगळे तेच करतायत."

पाच वाजता मंडळाच्या कार्यालयात पाच सभासद हजर होते. फोन आलेल्या अकरांपैकी बाकीचे सहा कळवून मोकळे झाले होते, की ठरावाला आमची संमती आहे. डॉक्टर पहिल्या खुर्चीत बसले होते, त्यांच्या मागे डॉक्टरीणबाई आणि ड्रायव्हर. सचिव ओलं फडकं हातात घेऊन फळ्यापाशी तयार होते. रबरताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती आणि दिली असती तर त्यांनी ती फेकली असती.

कार्यालयाला लागून एक कोठी होती. तिच्या बंद दारासमोर भाचा स्टुलावर बसला होता, दीड वाजल्यापासून. मधूनमधून तो खोकत होता.

"ठराव वाचतो," सचिव म्हणाले.

"आधी मी बोलते," आत्या म्हणाल्या. "फडकं खाली ठेवा, गळतंय."

सचिवांनी फडकं खाली ठेवलं.

"रबर तीन तऱ्हांनी मरतं," आत्यांनी सुरुवात केली. "पहिली तऱ्हा ऊन. उन्हानं रबर पांढरं पडतं, सगळीकडून जाळी धरतं. बघायचं असेल तर सचिवांच्या दुकानाच्या काचेत बघा. दुसरी तऱ्हा तेल, डिझेल. त्यानं रबर फुगतं, चिकट होतं. डॉक्टरांच्या ब्रेकवर पाय ठेवून बघा, आणि नंतर पाय सोडवून घ्या."

ड्रायव्हरने छताकडे पाहिलं.

"दारांच्या पट्ट्या पांढऱ्या नाहीत, फुगलेल्या नाहीत. त्यांना आडव्या चिरा आहेत. त्याही फक्त जिथं रबर ताणलेलं आहे तिथं, आणि ताणाला बरोबर आडव्या. त्याच घाण्यातली उरलेली पट्टी शनिवारपासून मागच्या आसनावर पडून होती. एकाच गाडीत, एकाच हवेत. तिला काही झालं नाही, कारण ती सैल होती. रबर सडकं असतं तर तीही वाकवताच फुटली असती. आणि समोरच्या कप्प्यात एक नवंकोरं रबरबँड होतं, कागदांवर ताणलेलं. ते तुटलं. ते काही ताईंनी केलेलं नव्हतं."

"उष्णतेनं तुटलं असेल!" डॉक्टर ओरडले.

"म्हणून मी वास बघितला. ताईंच्या कामाचा वास तीन आठवडे जात नाही. सोमवारी आठ जणांनी या गाडीला गुडघा म्हटलं. आज माझ्या भाच्याला फाटकापाशी उभं केल्यावर गाडीत कसलाच वास नव्हता. चार दिवसांत वास गेला आणि रबर फुटलं. दोन्ही कामं करणारी एकच वस्तू आहे. ओझोन. वास खातो आणि ताणलेलं रबर चिरतो. विजेच्या ठिणगीतून होतो. मोटरीजवळ जरासा, म्हणून ताईंचे वडील मोटरीजवळ रबर ठेवू देत नसत. झेरॉक्सच्या यंत्रापाशीही जरासा."

डॉक्टरीणबाईंनी हळूच तोंडावर हात ठेवला.

"आणि भरपूर हवा असेल तर त्याचं मशीन मिळतं. दवाखान्याची हवा रात्रभरात स्वच्छ करायला. लोखंडी पेटी, चार गोल पाय. मंगळवारी ड्रायव्हरला न मागता सुट्टी मिळाली. गॅरेज बंद राहिलं, कारण गाडीतल्या लाकडाला पॉलिश केलं होतं. मी त्या गाडीत बसले आहे. तिच्यात पत्रा आहे, कातडं आहे. लाकडाची काडीसुद्धा नाही."

सचिवांच्या पायाशी फडक्याचं तळं झालं होतं.

"ठोंब्या, उघड."

बैठकीच्या तोंडावर भाच्याने मशीन बंद करून कोठीची खिडकी बाहेरून उघडून ठेवली होती. आता त्याने दार उघडलं. आत धर्मार्थ दवाखान्याची लोखंडी पेटी होती आणि तिच्यासमोर ताईंच्या साक्षीतुकड्याचे दोन भाग. एक बाटलीभोवती ताणून दोऱ्याने बांधलेला, दुसरा तसाच ठेवलेला. आत्यांनी दोन्ही उचलून पहिल्या खुर्चीसमोर धरले. सैल तुकडा गुळगुळीत होता. बाटलीवरच्या तुकड्याला आडव्या चिरा पडल्या होत्या, एकीमागे एक.

"साडेतीन तासांत," आत्या म्हणाल्या. "तुम्ही दिवसभर दिलंत."

डॉक्टर उठले. त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती, पण आवाज खाली आला होता. "मला... मला काय माहीत रबराला काय होतं ते? मी दातांचा डॉक्टर आहे. वास घालवावा एवढंच मनात होतं. चूक झाली, मान्य. पण रबर कशानं फुटलं हे मला कसं कळणार? मी प्रामाणिकपणे फोन केले!"

"नाही," आत्या म्हणाल्या, आणि आता मात्र त्या ओरडल्या. विमा कंपनीतल्या बावीस वर्षांतही कुणी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. भाचा स्टुलावरून उठला. "तुम्हाला कळलं होतं! रोज संध्याकाळी हे मशीन लावायच्या आधी तुम्ही रबरी हातमोजे खोलीबाहेर काढायला लावत होतात. राहिले की कंपाउंडरवर ओरडत होतात. रबराला काय होतं ते या खोलीत सगळ्यांत आधी तुम्हाला माहीत होतं. मंगळवारी विसरलात, कारण गाडी म्हणजे रबर हे तुमच्या डोक्यात आलं नाही. ती चूक. बुधवारी सकाळी दार उघडलंत, चिरा दिसल्या आणि त्याच क्षणी तुम्हाला आठवलं. म्हणून दहा वाजता पेटी घराबाहेर गेली, आत्ताच्या आत्ता. पहिला फोन बारा वाजता. आधी पुरावा, मग आरोप. दोन तास होते तुमच्यापाशी. माणूस दोन तासांत खरं बोलायचं ठरवतो. तुम्ही अकरा नंबर शोधलेत!"

डॉक्टर खाली बसले. "हसले असते," ते पुटपुटले. "आधीच हसत होते. वासासाठी स्वतःच्या हातानं गाडी घालवली म्हटल्यावर... या मंडळात मला बसू दिलं नसतं कुणी."

"म्हणून माझं दुकान बंद पाडायचं?" रबरताई भिंतीपासून पुढे आल्या.

"मी नव्यानं सगळं करून घेईन. तुमच्याकडूनच. सांगाल ते देईन. ताई, गाडीचं..."

"गाडीचा काय गुन्हा? गाडी पाठवा. तुम्ही येऊ नका."

सचिवांनी खाली वाकून फडकं उचललं आणि काय करावं हे न सुचून आपल्या बुटावरचं पाणी पुसायला घेतलं. एक सभासद हळूच म्हणाला, "मग ठराव रद्द समजायचा ना? संपलं तर मग."

"संपलं नाही," ताई म्हणाल्या. "अकरांपैकी पाच इथं आहेत. सहा नाहीत. त्यांतल्या दोघांनी माझ्या शेडमधून गाड्या ओढून नेल्या." त्यांनी कार्यालयाचा फोन तारेसकट उचलून डॉक्टरांच्या मांडीवर ठेवला, समोर खुर्ची ओढली आणि या खोलीत पहिल्यांदाच बसल्या. "लावा."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. डॉक्टरांनी नंबर फिरवला.

"हॅलो. हो, मीच. ते रबरताईंच्या बाबतीत जरा गैरसमज झाला होता, म्हणजे..."

ताईंनी हात पुढे करून फोन तोडला.

"गैरसमज नाही. खोटं. परत लावा."

नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"हॅलो. मी... मी खोटं बोललो. रबर चांगलं होतं. मी स्वतः घालवलं. हो, स्वतः. हो." पलीकडून कुणीतरी मोठ्याने हसलं, खोलीभर ऐकू गेलं. डॉक्टरांनी डोळे मिटून ते सगळं ऐकून घेतलं आणि फोन खाली ठेवला.

ताई हसल्या नाहीत.

"अजून पाच," त्या म्हणाल्या.